गियर चाकात की पायाखाली?

मागच्या चाकाला दातेरी चक्रांची उतरंड नाही, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा, खाली लोंबणारा डिरेलर नाही, चेन एका सरळ रेषेत. तरी मालक सांगतो, गियर चौदा आहेत. अशी सायकल दिसली की आपल्याकडे सरसकट म्हणतात, 'गियरबॉक्सवाली'. पण या नावाखाली दोन वेगळ्या जाती खपतात. एकीत गियर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात असतात. दुसरीत क्रँकपाशी, म्हणजे पायडलच्या दांड्यापाशी, फ्रेमलाच बोल्टने आवळलेल्या पेटीत. दोन्हीकडे दाते झाकलेले, धूळ-चिखलाचा संबंध नाही, म्हणून घोळ होतो.

ओळखायचं कसं? मागचं चाक उचलून धरा आणि पायडलचा एक फेरा सावकाश फिरवा. गियर बदला, पुन्हा एक फेरा. हबवाल्या सायकलची चेन दोन्ही वेळा तेवढीच सरकते, चाक तेवढं कमीजास्त फिरतं. पेटीवाल्या सायकलीत खुद्द चेनच कमीजास्त सरकते. म्हणजे हबमध्ये गियर चेनच्या नंतर येतात, पेटीत चेनच्या आधी. बाकीचे बरेचसे फरक इथूनच निघतात.

वजनाचंच बघा. 70 किलोचा माणूस चढावर 170 मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला, की आसाला साधारण 117 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. पुढे 40 दाते आणि मागे 16 असतील, तर हबपर्यंत पोचेतो त्यातला 47च्या आसपास उरतो. पेटीला मात्र तो सगळाच्या सगळा झेलावा लागतो, त्यामुळे तिचे दाते, दांडे, बेअरिंग सगळंच दणकट लागतं. जर्मनीच्या रोलॉफ कंपनीचा 14 गियरचा स्पीडहब पावणेदोन किलोच्या आसपास भरतो आणि सगळ्यात हलक्या गियरपासून सगळ्यात जड गियरपर्यंत 526 टक्क्यांचा पल्ला देतो, म्हणजे सगळ्यात जड गियर सगळ्यात हलक्याच्या 5.26 पट. पिनियन ही कंपनीही जर्मनच. पोर्शमध्ये काम केलेल्या दोन इंजिनियरांनी ती काढली. त्यांची 18 गियरची पेटी 636 टक्के देते, पण वजन 2.7 किलो. शिवाय मागे एक साधा हब लागतोच.

आतली रचनाही निराळी. हबमध्ये ग्रहमाला असते: मधलं चक्र आसाला जखडलेलं, त्याच्याभोवती छोटी चक्रं फिरतात. 1902 साली नॉटिंगहॅममध्ये सुरू झालेल्या स्टर्मी-आर्चरचे तीन गियरचे हब याच तत्त्वावर चालले. त्यांचा गाजलेला एडब्ल्यू हब मधल्या गियरला मागच्या दातेरी चक्राचे जितके फेरे तितकेच चाकाला देतो, खालच्याला पाऊणपट, वरच्याला सव्वापटीहून थोडं जास्त. पिनियनच्या पेटीत मोटारीसारखे समांतर दांडे आणि त्यांवर चक्रांच्या जोड्या. क्रँकपाशी गियर बसवायची कल्पनाही जुनीच. आडलर कंपनीने 1930च्या दशकात तीन गियरची अशी सायकल विकली होती.

बंद डबा दिसला म्हणजे आत गियरबॉक्स असेलच असंही नाही. होंडाने 2000च्या दशकात उताराच्या शर्यतींसाठी आरएन01 सायकल उतरवली, तिच्या पोटातल्या डब्याभोवती भलतंच गूढ होतं. पुढे कळलं की आत चेन, कॅसेट (तीच दातेरी चक्रांची उतरंड) आणि डिरेलरच आहे! मला तर ही शुद्ध चलाखी वाटते, पण पाणी आणि माती बाहेर राहिली हे खरं.

दोन्ही जातींत एक दुखणं सारखंच: जोर लावलेला असताना गियर बदलायला नाखूश. मित्राची हबवाली सायकल घेऊन मी बोपदेव घाट चढलो, तेव्हा वळणावर दात-ओठ खाऊन पायडल मारत गियर बदलायची मूठ पिळली. काही झालं नाही. पाय क्षणभर सैल सोडला, तेव्हा कुठे 'टक्' झालं. तेवढ्यात वेग गेला आणि मी उतरलो. सवयीने जमतं म्हणतात. त्यातून दोन्ही प्रकार स्वच्छ, तेल दिलेल्या डिरेलरपेक्षा थोडी जास्त ताकद खातात. रेसवाले यांच्या वाटेला जात नाहीत ते यामुळे.

मग पुढे काय? शहरातल्या रोजच्या सायकलीत हब टिकेल. नेदरलँड्समध्ये ते कधीच रुळलेत, आणि बऱ्याचशा साध्या फ्रेममध्ये ते बसतातही. पेटीला फ्रेमच वेगळी लागते, हा तिचा कायमचा अडसर. पण ई-बाइकला मोटरसाठी क्रँकपाशी वेगळी जागा करावीच लागते, आणि सायकल आधीच जड असल्याने किलोभराचं कौतुक राहत नाही. मोटरचा जोर चेन आणि कॅसेट लवकर झिजवतो, आणि गियर पडताना मोटरला क्षणभर आवरणं सॉफ्टवेअरला जमतं. घाटात मला जमलं नाही ते. फ्रान्सच्या व्हॅलेओने 2020 मध्ये मोटर आणि सात स्वयंचलित गियर एका डब्यात दाखवले, पिनियनने 2023 मध्ये मोटरसकट पेटी आणली. पेटीचं भविष्य मला तिथेच दिसतं, साध्या सायकलीत फारसं नाही.

फक्त दुरुस्तीचं तेवढं बघा: जुना एडब्ल्यू हब घरच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडता येतो. पिनियनच्या पेटीचं तेल आपण वर्षातून एकदा किंवा 10,000 किलोमीटरला बदलायचं. त्यापुढचं काही निघालं तर पेटी कंपनीकडे.