भिंत समोर की कोपरा समोर?

खोलीचं चित्र काढायला बसलं की पहिला घोळ होतो तो एकबिंदू आणि द्विबिंदू पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे सपाट कागदावर लांब-जवळचा भास आणायच्या दोन पद्धतींचा. पहिलं सोपं, दुसरं अवघड अशी बहुतेकांची समजूत असते. खरं तर तुम्ही खोलीत कसे बसलात, एवढ्यावरच ते ठरतं.

नाक समोरच्या भिंतीकडे नीट सरळ असेल तर एकबिंदू. भिंतीच्या आडव्या कडा आडव्या राहतात, उभ्या उभ्या. फरशीच्या सांधी आणि बाजूच्या भिंतींच्या कडा, म्हणजे आपल्यापासून लांब जाणाऱ्या रेषा, तेवढ्या एका लोपबिंदूकडे, म्हणजे जिथे त्या मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे, धावतात. लिओनार्दोनं मिलानमध्ये १४९५ ते १४९८च्या सुमारास रंगवलेल्या 'लास्ट सपर'मध्ये छताच्या रेषा ख्रिस्ताच्या डोक्यापाशी मिळतात. तिथे, त्याच्या कानशिलावर, खिळ्याचं छिद्रही सापडलंय. आपणही टाचणी टोचून दोरा ताणतो, दुसरं काय!

आता खुर्ची फिरवून कोपऱ्याकडे बघा. भिंतीच्या आडव्या कडाही तिरप्या दिसू लागतात; एका भिंतीच्या एका लोपबिंदूकडे, दुसरीच्या दुसऱ्याकडे. उभ्या रेषा तेवढ्या शाबूत. हे झालं द्विबिंदू, आणि खरी फसगत इथेच होते. बाहेरून घर काढताना डावी बाजू डाव्या बिंदूकडे जाते, ते हाताला सवयीचं असतं. खोलीच्या आत मात्र डाव्या भिंतीच्या रेषा उजव्या बिंदूकडे जातात, उजवीच्या डाव्या बिंदूकडे. कोपरा आपल्यापासून सगळ्यात लांब असतो ना! मी कितीतरी कागद यापायी फुकट घालवलेत. खोली काढायला जावं आणि पुढे आलेला खोकाच तयार व्हावा.

दुसरी खोड म्हणजे दोन्ही बिंदू कागदावरच बसवणं. एका नजरेत साधारण ६० अंशांपर्यंतचं दृश्य नीट वाटतं, आणि काटकोनातल्या भिंतींचे दोन बिंदू डोळ्यापाशी ९० अंशांचा कोन करतात. मग दोन्ही आत मावणार कसे? चित्र ३० सेंमी रुंद आणि नजर ६० अंशांची धरली, तर बिंदूंमध्ये किमान ५२ सेंमी अंतर लागतं. ते जवळ आणले की कडेचं कपाट ताणलेलं, अंगावर येणारं दिसतं. कागदाखाली वर्तमानपत्र पसरा आणि बिंदू त्यावर घ्या.

दोन्ही पद्धती एका चित्रात चालतच नाहीत असंही नाही. भिंत सरळ समोर आहे, पण कुणी उठून गेल्यावर स्टूल तिरकं राहिलंय. खोली एकबिंदूच राहील; स्टुलाला त्याचे स्वतःचे दोन बिंदू मिळतील. ते घ्यायचे मात्र त्याच नेत्ररेषेवर, म्हणजे डोळ्यांच्या उंचीवरच्या आडव्या रेषेवर. खुर्चीत बसून काढत असाल तर ही रेषा जमिनीपासून साधारण चार फुटांवर येते, म्हणजे स्टुलाची बैठक वरून दिसलीच पाहिजे.