खंडविप्लव आणि नाशिकचा कातळ

भूखंडांनी भूवैज्ञानिक काळाच्या ओघात जागा बदलणे म्हणजे खंडविप्लव. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये ही कल्पना मांडली, पण खंड सरकतात कशाच्या जोरावर, याचे पटण्याजोगे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते १९६०च्या दशकात मिळाले. सागरी कटकांपाशी, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगांपाशी, नवे कवच तयार होते आणि भूपट्टाची (पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्याची) थंड, जड झालेली कड समुद्रतळावरच्या खोल गर्तेत बुडताना मागचा पट्ट ओढत नेते.

या प्रवासाची नोंद नाशिककरांच्या पायाखालीच आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर आणि पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर, सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण गोलार्धातल्या एका तप्तस्थळावरून (खोलातून तप्त शिलारस वर येत राहतो अशा जागेवरून) जात असताना हा लाव्हा थरांवर थर पसरला. तेच तप्तस्थळ आज हिंदी महासागरातल्या रेयुन्याँ बेटावरचा ज्वालामुखी धगधगता ठेवते. घाटातल्या कापलेल्या कड्यांत काळ्या थरांच्या मध्येच विटकरी पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून झालेली ती माती. भूवैज्ञानिकांनी यांतल्या एका थरसमूहाला इगतपुरीचेच नाव दिले आहे.

लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र विषुववृत्तावर आडवे आणि ध्रुवांकडे उभे होत जाते, त्यामुळे खडकातला कोन मोजला की जन्मावेळचा अक्षांश कळतो. दख्खनच्या खडकांची अशी मोजणी १९५०च्या दशकात झाली. उत्तर आले ते विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेकडचे, आणि आज नाशिक २० अंश उत्तरेला आहे! वेगेनर यांच्या टीकाकारांना झोंबावा असा हा पुरावा होता.

हा लाव्हा पसरला त्या काळात भारतीय पट्ट वर्षाला १५ सेंमी.च्या आसपास धावत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर सुरू झाली, हिमालय उचलला जाऊ लागला आणि वेग मंदावला. आता तो वर्षाला ५ सेंमी.च्या घरात आहे, म्हणजे एका सिंहस्थापासून पुढच्यापर्यंत गोदाघाट साधारण ६० सेंमी. ईशान्येकडे सरकतो.

एवढ्या प्रवासानंतरही नाशिकचे थर जवळजवळ आडवेच आहेत, कारण मोडतोड मुख्यतः पट्टांच्या कडांवर होते. तरी आतला भाग अगदीच निर्धोक नसतो: कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) हे दोन्ही भूकंप पट्टाच्या आतल्या भागातच झाले.