लासं, रंग आणि एक मिलिसेकंद

आमच्या शेजारच्या मुलीला जन्मापासून लासं आहे. मानेपासून गालाच्या मध्यापर्यंत, जांभळट लाल डाग. तिची आजी सुनेकडे बघत म्हणायची, "गरहणात विळी धरली हिनं, दुसरं काय!" बिचाऱ्या सुनेनं सहा वर्षं हे ऐकून घेतलं.

ग्रहणाचा काही संबंध नाही. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या 'जीएनएक्यू' नावाच्या जनुकात एक अक्षर चुकतं आणि त्या पेशीपासून बनलेल्या तेवढ्याच भागातल्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, कायमच्या रुंद राहतात. हे २०१३ साली उलगडलं. ही चूक आईवडिलांकडून येत नाही. डॉक्टर या डागाला 'पोर्ट वाइन स्टेन' म्हणतात. हजारात साधारण तीन बाळांना तो असतो.

आता तो काढायचा कसा? लेसरच्या प्रकाशानं. चादरीच्या सुताचा डाय होतो त्या आमच्या सोलापुरात हे सांगणं सोपं आहे. लाल सूत लाल दिसतं, कारण ते हिरवा-पिवळा प्रकाश गिळतं आणि लाल परत पाठवतं. रक्ताचंही तसंच. रक्तातलं ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन ५७७ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश अगदी आवडीनं गिळतं. (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो.) १९६० साली अमेरिकेच्या थिओडोर मेमननं केलेला पहिला लेसर माणकाचा, म्हणजे लाल प्रकाशाचा. रक्ताला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. सत्तरच्या दशकात निळ्या-हिरव्या आर्गॉन लेसरनं डाग फिका व्हायचा खरा, पण पुष्कळदा त्या जागी व्रण उरायचा. रंग बऱ्यापैकी जुळला होता, वेळ चुकत होती.

भाकरी उलटताना बोट तव्याला लागतं, तरी भाजत नाही. उष्णतेला आत शिरायला वेळच मिळत नाही. १९८३ साली बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश या त्वचातज्ज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात नेमका हाच हिशेब मांडला. तापलेली रक्तवाहिनी निवायला लागणाऱ्या वेळाच्या आतच प्रकाश थांबवायचा. मग वाहिनी शिजते, शेजारची कातडी वाचते. केसाहून थोडी बारीक, ५० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी वाहिनी साधारण एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात निवते. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट.

या हिशेबावर पल्स्ड, म्हणजे तुटक झोत टाकणारा डाय लेसर उभा राहिला. त्यातला 'डाय' म्हणजे खरोखरच रंग. ऱ्होडामाइनसारख्या रंगाच्या द्रावणावर दिव्याचा झोत टाकून पिवळा प्रकाश मिळवतात. ऱ्होडामाइन सूत रंगवायलाही वापरतात, म्हणजे आपल्या रंगाऱ्यांच्याच भाऊबंदातला! पुढे प्रकाश ५७७वरून ५८५ आणि ५९५ नॅनोमीटरवर नेला. तो थोडा कमी गिळला जातो, पण खोल पोचतो.

आपली अडचण वेगळी. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारं द्रव्य, वाटेतच प्रकाश अडवतं आणि वरची कातडी पोळते. त्यासाठी झोताआधी काही मिलिसेकंद गार फवारा मारतात. वरचा थर निवतो, खालच्या वाहिन्या गरमच राहतात. मला विचाराल तर सावळ्या माणसासाठी हा फवारा लेसरइतकाच मोलाचा आहे.

मागावर दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पायावरच्या शिरा हे प्रकरण निराळं. शिरांमधल्या झडपा गळक्या होतात, रक्त खाली साचतं. बारीक जाळ्याला बहुतेकदा शीर बंद करणारं इंजेक्शनच बरं. खोलवरच्या शिरांना १०६४ नॅनोमीटरचा लेसर देतात, मेलॅनिन त्याला कमी अडवतं. दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरेसाठी मात्र, ती जिच्यातून भरते त्या मोठ्या शिरेत लेसरचा प्रकाश नेणारा तंतू सरकवून ती आतूनच बंद करतात. तिथं १४७० नॅनोमीटर चालतो, कारण तो पाणी तापवतो.

मुलीला पुण्याला नेलं तेव्हा मी सोबत होतो. डोळ्यांवर झाकणं, फवाऱ्याचा फुस्स, लगेच टिचकीसारखा आवाज, आणि गालावर नखाएवढा जांभळा-काळा ठिपका. असे कितीतरी. घरी आल्यावर आजी कडाडली, "आधीपेक्षा काळं करून आणलं की पोरीला!" ते काळेपण दहा-बारा दिवसांत ओसरलं.

फेऱ्या बऱ्याच लागतात, आणि डाग पुरता जाईलच असं नाही. काहींचा वर्षांनी पुन्हा गडद होतो. तिसऱ्या फेरीनंतर मानेचा भाग फिकट गुलाबी झालाय, गालाचा मधला तुकडा हट्टी आहे. रापलेल्या कातडीवर लेसर नको म्हणून डॉक्टरांनी सोलापूरचा उन्हाळा वगळलाय. पुढची तारीख संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर.