जलमितव्ययी बागरचना उपविधी, कॅलिफोर्निया

नव्या बांधकामाभोवतीच्या बागेला वर्षभरात जास्तीत जास्त किती पाणी देता येईल, हे ठरवून देणारे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील स्थानिक नियम. नियमांचा नमुना राज्याचा जलसंपदा विभाग तयार करतो. शहरे आणि काउंट्या तो जसाच्या तसा स्वीकारतात किंवा निदान तितकाच परिणामकारक असा स्वतःचा उपविधी करतात. दोन्ही न केल्यास नमुनाच तेथे आपोआप लागू होतो. त्याचे मूळ नाव ‘मॉडेल वॉटर एफिशियंट लँडस्केप ऑर्डिनन्स’ असे लांबलचक असल्याने बांधकाम व्यवसायात सगळे त्याला ‘एमवेलो’ म्हणतात.

घरांपुरते बोलायचे तर हिरवळीवर त्यात सरसकट बंदी नाही. ठरलेल्या पाण्यात बसेल तेवढी हिरवळ खुशाल लावावी, असा त्याचा रोख आहे. मात्र आकडेमोड करायला बसले की फारशी बसत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने येथे ऋतू उलटे धरावेत. कॅलिफोर्नियात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. उन्हाळा जवळजवळ कोरडाच जातो. गवताला तहान लागते नेमकी तेव्हाच, आणि ती नळाच्या पाण्यावर भागवावी लागते. राज्यातील शहरी पाणीवापराचा सुमारे निम्मा भाग घराबाहेर, मुख्यतः बागांवर, खर्च होतो. १९८७ ते १९९२ या काळातील दुष्काळात, १९९० साली, बागांच्या पाणीबचतीचा कायदा झाला आणि १९९३ पासून पहिला नमुना लागू झाला. २००६ च्या कायद्यानंतर तो सुधारला गेला व २०१० पासून अमलात आला. खरा चिमटा बसला तो २०१५ मध्ये. त्या वर्षी १ एप्रिलला राज्यपाल जेरी ब्राउन सिएरा नेवाडा पर्वतातील फिलिप्स येथील बर्फमोजणीच्या जागी गेले. एरवी त्या दिवसांत तिथे पाच फुटांच्या वर बर्फ असतो. ते उभे राहिले ते सुकलेल्या गवतावर. तिथूनच त्यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली. त्याच आदेशात या नमुन्याची फेररचना करण्याचेही फर्मान होते. जुलैमध्ये सुधारित नमुना मंजूर झाला आणि नव्या बांधकामाला नियम लागू होण्यासाठीची बागेच्या क्षेत्रफळाची किमान मर्यादा २,५०० चौरस फुटांवरून ५०० वर आली. जुन्या बागेची नव्याने रचना करताना मात्र ती २,५०० चौरस फूटच राहिली.

उपविधीचा गाभा म्हणजे एक गुणाकार. त्या गावचे वार्षिक संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन, म्हणजे जमीन आणि गवत मिळून वर्षभरात हवेत उडवतात ते पाणी, इंचांत घ्यायचे. त्याला ०.६२ ने गुणायचे, कारण एक चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे ०.६२ गॅलन. मग बागेचे क्षेत्रफळ आणि शेवटी एक कपात गुणक. १९९३ मध्ये हा गुणक ०.८ होता, २०१० मध्ये ०.७ झाला, २०१५ पासून घरांसाठी ०.५५ आणि इतर इमारतींसाठी ०.४५ आहे. सगळी कडकपणाची कहाणी या चार आकड्यांत आहे. गंमत अशी, की संदर्भ म्हणून मोजतात ते भरपूर पाणी दिलेल्या गवताचेच बाष्पपर्णोत्सर्जन. हिरवळ कमी करायला निघालेल्या नियमाची मोजपट्टी हिरवळीचीच आहे.

फ्रेझ्नो या शहराचे उदाहरण घेऊ. तिथला वार्षिक आकडा ५१.१ इंच. घराभोवती १,००० चौरस फूट बाग असेल तर वर्षाचा कोटा सुमारे १७,४०० गॅलन, म्हणजे साधारण ६६,००० लिटर. त्या सगळ्या जागेत हिरवळ लावली, गवताचा पाणीगुणक (संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाच्या किती पट पाणी लागते तो आकडा) ०.८ धरला आणि तुषार सिंचनाची कार्यक्षमता नियमात दिल्याप्रमाणे ०.७५ घेऊन तिने भागले, तर गरज निघते सुमारे ३३,८०० गॅलन. कोट्याच्या जवळपास दुप्पट. उरलेल्या जागेत ०.३ गुणकाची, कमी पाण्यावर तगणारी झाडे ठिबकवर (कार्यक्षमता ०.८१) लावली, तर हिरवळ कशीबशी पाव हिश्शात बसते. २,५०० चौरस फुटांपर्यंतच्या बागांना आकडेमोड टाळून अटींची एक तयार यादी पाळण्याची सवलत आहे. तिच्यातही घरासाठी हिरवळीची मर्यादा २५ टक्केच आहे. घराव्यतिरिक्त इमारतींना त्या यादीनुसार हिरवळ अजिबात लावता येत नाही.

बाकीच्या अटी कोणाही चांगल्या माळ्याला पटतील अशा आहेत. सारखी तहान असलेली झाडे एका गटात आणि त्या गटाला स्वतंत्र व्हॉल्व्ह. १,००० चौरस फुटांमागे चार घनयार्ड (सुमारे तीन घनमीटर) कंपोस्ट सहा इंच खोलपर्यंत मिसळायचे आणि उघड्या मातीवर तीन इंचांचे आच्छादन घालायचे. तुषार सिंचन रात्री ८ ते सकाळी १० या वेळेतच. दहा फुटांहून अरुंद पट्ट्यात वरून फवारा चालत नाही. फुटपाथ आणि रस्ता यांमधल्या गवताच्या पट्टीवरचे पाणी डांबरावरून गटारात जाताना ज्याने पाहिले आहे, त्याला याचे कारण सांगावे लागत नाही.

खाण्याच्या झाडांना मात्र मोकळीक आहे. केवळ भाजीपाला वा फळझाडांसाठी राखलेल्या जागेला कपात गुणक १.० मिळतो, म्हणजे कपातच नाही. फ्रीमाँट किंवा सॅन होजेच्या परसात कोणी मराठी कुटुंबाने मेथी-कोथिंबिरीचा वाफा आखला, तर तो या सवलतीत बसतो. शेजारचे शोभेचे गवत बसत नाही. पुनर्वापराच्या पाण्यावरील बागा आणि खेळाची मैदाने यांनाही हीच सूट आहे.

दुबळी बाजू अंमलबजावणीची. बांधकाम परवान्याबरोबर बागेचा आराखडा व पाण्याचा हिशोब सादर होतो, काम झाल्यावर सिंचनाची तपासणी होऊन पूर्णत्वाचा दाखला मिळतो. त्यापुढे घरमालकाने सिंचनाच्या स्वयंचलित नियंत्रकावरची वेळ दुप्पट केली तर ते कागदावर कुठेच उमटत नाही. बागेचा वेगळा मीटर घरांना लागतो तो ५,००० चौरस फुटांपासून पुढे. लहान बागेचे पाणी घरच्या बिलात मिसळून जाते. शिवाय ज्या जुन्या बागांना परवान्याचे काही कामच पडत नाही, त्या नियमाबाहेरच राहतात, आणि राज्यातली बहुतेक हिरवळ जुनीच आहे.

त्या जुन्या हिरवळीला हात घातला तो २०२३ च्या वेगळ्या कायद्याने. ज्यावर कोणी खेळत-बसत नाही अशा केवळ शोभेच्या गवताला पिण्याचे पाणी देण्यास त्याने टप्प्याटप्प्याने मनाई केली आहे: सरकारी जागांसाठी १ जानेवारी २०२७ पासून, व्यापारी, औद्योगिक व संस्थांच्या जागांसाठी २०२८ पासून आणि गृहसंकुलांच्या सामाईक जागांसाठी २०२९ पासून. घराच्या स्वतःच्या अंगणातील गवत त्यातूनही वगळलेले आहे.