‘हॉटेल मॅनेजमेंट’ म्हणजे नेमकी कोणती पदवी?

आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-मिसळ मिळते ती जागा. राहायचं असेल तर लॉज. मिरजेत दवाखान्याच्या गल्लीत पेशंटचे नातेवाईक उतरतात ते लॉज, आणि तिथून खाली येऊन पोहे खातात ते हॉटेल. त्यामुळे पोरगा ‘हॉटेल मॅनेजमेंटला’ गेला असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कढई येते. प्रत्यक्षात या शिक्षणाचे चार खांब आहेत: स्वयंपाकघर, वाढप, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस. त्यातला कढईचा एकच. पण शब्दाचा हा गोंधळ वरवरचा आहे. खरा गुंता पदवीच्या नावात आहे, आणि सांगली-साताऱ्यातल्या पालकांना तो दर उन्हाळ्यात नव्याने सोडवावा लागतो.

पाहुणचाराचा धंदा इकडे जुना आहे. महाबळेश्वर १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपतींकडून कंपनी सरकारकडे गेलं, तेव्हापासून डोंगरावर साहेबांच्या बंगल्यांत खानसामे, बटलर आले. दुसरी परंपरा खालची, घामाची. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकांनी चालवल्या. महिन्याचा हिशेब वहीत, उधारी पगाराच्या दिवशी. यातलं काहीही विद्यापीठात पोचलं नाही. पोचलं ते वेगळ्याच वाटेने.

ती वाट टंचाईतून आली. स्वातंत्र्यानंतरच्या धान्यटंचाईत तांदूळ-गव्हावाचून भागवणारे पदार्थ लोकांच्या गळी उतरवावेत म्हणून महिलांच्या एका अखिल भारतीय परिषदेने काम सुरू केलं, उपाहारगृहं काढली आणि १९५४ साली मुंबईत केटरिंगचं कॉलेज उभं केलं. पुढे ते दादरचं कॉलेज म्हणूनच ओळखलं गेलं. सांगली तेव्हा कागदोपत्री अजून ‘दक्षिण सातारा’ होती. त्या संस्थेच्या नावात आजही ‘उपयोजित पोषण’ हे शब्द आहेत. पंचतारांकित हॉटेलात सूटबूट घालून उभ्या राहणाऱ्या पोराच्या प्रमाणपत्रावर पोषण कुठून आलं, याचं उत्तर त्या रेशनच्या रांगेत आहे. साठच्या दशकात दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईलाही अशा संस्था झाल्या. मिळायची ती तीन वर्षांची पदविका, पदवी नव्हे. विषय होता अन्न खात्याचा.

१९८२ मध्ये या संस्थांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि विषय पर्यटन खात्याच्या अंगणात गेला. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, राज्यात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजं काढायला परवानगी मिळाली. तेव्हा मुख्यमंत्री सांगलीचे वसंतदादा पाटील होते, ही गोष्ट इथे कुणाला सांगायला नको. त्या निर्णयाला शिक्षणाचा बाजार म्हणणारे होते, अजूनही आहेत. पण त्यानंतर साखर कारखान्याशेजारी कॉलेज ही पश्चिम महाराष्ट्राची नेहमीची गोष्ट झाली. आधी अभियांत्रिकी, मग फार्मसी, एमबीए, आणि त्यांच्या मागोमाग, बहुतेक ठिकाणी उरलेल्या इमारतीत, हॉटेल मॅनेजमेंट.

इथून गाठ बसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या १९८७ च्या केंद्रीय कायद्याने तंत्रशिक्षणाची व्याख्या केली: अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगररचना, व्यवस्थापन, औषधनिर्माण, उपयोजित कला. हॉटेलचा त्यात उल्लेख नाही. केंद्राला आणखी विषय जोडायची मुभा मात्र होती, आणि पुढे मान्यतेच्या नियमांत ‘हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजी’ हा स्वतंत्र गट म्हणून आला. केटरिंगपुढे टेक्नॉलॉजी लावली की भाजी जास्त शिजते असं नाही, पण फाइल वेगळ्या टेबलावर जाते. अन्न, पर्यटन आणि आता तंत्रशिक्षण: विषय एकच, उंबरे तीन. आणि पदवीचे कागद चार.

पहिला कागद चार वर्षांचा, बीएचएमसीटी, म्हणजे बॅचलर ऑफ हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजी. याला तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, राज्याची सीईटी द्यावी लागते आणि प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून होतो. दुसरा तीन वर्षांचा, बीएस्सी हॉस्पिटॅलिटी स्टडीज किंवा त्याच घराण्यातलं एखादं नाव. हा थेट विद्यापीठाचा, विज्ञान शाखेच्या छताखालचा. बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीच्या नावापुढेही ‘बीएस्सी’ लागते, आणि घरचे विचारतात, ‘अगं, तू सायन्स कधी घेतलंस?’ तिसरा राष्ट्रीय परिषदेचा, तोही बीएस्सीच. जुन्या पदविकेला आधी दिल्लीच्या मुक्त विद्यापीठाची जोड मिळून त्याची पदवी झाली, पुढे तिथल्याच एका नामवंत केंद्रीय विद्यापीठाची. त्याची प्रवेश परीक्षा देशपातळीवरची, आणि २०१९ पासून ती राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. चौथा कागदही आहे. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि कराडने आपल्या मानलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं नाशिकचं मुक्त विद्यापीठ अभ्यासकेंद्रांमार्फत हा विषय शिकवत आलं आहे. आयटीआयचा एक वर्षाचा बेकरीचा ट्रेड यात धरलेला नाही. खरं तर गावात धंदा टाकायला तोच सगळ्यात आधी कामी येतो.

चारपैकी कुठलाही कागद घेऊन बाहेर पडलेला माणूस घरी सांगताना ‘हॉटेल मॅनेजमेंट केलंय’ एवढंच म्हणतो. हॉटेलवाल्यालाही फारसा फरक पडत नाही. तो हात बघतो, इंग्रजी ऐकतो आणि रात्रपाळी करशील का विचारतो. फरक पडतो तो पुढे एमबीएचा, परदेशातल्या शिक्षणाचा किंवा सरकारी जागेचा अर्ज भरताना. शाखेच्या रकान्यात काय लिहायचं? विज्ञान, व्यवस्थापन की तंत्रज्ञान?

दोन परीक्षा शेजारी ठेवल्या की दृष्टीतला फरक दिसतो. राष्ट्रीय परीक्षेत बरीच वर्षं २०० प्रश्न असत आणि त्यातले ५० सेवाक्षेत्राचा कल तपासणारे: पाहुणा चिडला तर काय कराल, या वळणाचे. राज्याच्या सीईटीत भर इंग्रजी, तर्क आणि सामान्य ज्ञानावर. जतच्या किंवा खटावच्या मराठी माध्यमातल्या पोराला, जो ढाब्यावर चार उन्हाळे गल्ला सांभाळून आलाय, ही चाळणी नेमकी उलटी लागते. जे त्याला येतं ते कुणी विचारत नाही. सीईटीच्या बाजूने बोलायचं तर पैशाची गोष्ट खरी आहे. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मं शिकवणी शुल्क सरकार भरतं. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींसाठी तर ही सवलत पूर्ण आहे. म्हणजे चाळणी अन्यायाची, पण तिच्यापलीकडचं ताट भरलेलं. यात वर्षाचा हिशेबही आलाच. तीन वर्षांत सुटलेला मुलगा चौथ्या वर्षी पगार घरी पाठवत असतो, आणि चार वर्षांवाला तेव्हा प्रकल्पाचं बाइंडिंग करत असतो.

२०२४ मध्ये बीबीए, बीसीए आणि बीएमएस हेही तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांना सीईटी लावली. ज्यांनी हॉस्पिटॅलिटी बीबीएच्या नावाखाली शिकवायची ठरवली होती, त्यांचीही पळवाट बंद झाली. मग राज्यभर पाट्या बदलायची लाट आली: आशय तोच, नावात बीबीए नको. ज्यांनी बीएचएमसीटी आणि बीएस्सीचा जुना खेळ पाहिला होता त्यांना यात नवल वाटलं नाही.

याच सुमारास नवं शैक्षणिक धोरण खाली झिरपलं. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. कोल्हापूरच्या विद्यापीठाखाली आपले दोन्ही जिल्हे येतात, त्यामुळे इथेही. आता साध्या पदवीलाही एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स असे दरवाजे आहेत. चार वर्षं हे ज्या पदवीचं वैशिष्ट्य होतं, ते आता सगळ्यांचंच झालं. गंमत अशी की १९५४ ची पदविकाही या शिडीवर दुसऱ्या पायरीचं नाव म्हणून परत आली, फक्त तेव्हा तिला तीन वर्षं लागत होती.

ट्रेनिंगचं तेवढं कुणी बदललेलं नाही. निदान एक सत्र हॉटेलात काढायचं, भांडी-बटाट्यापासून सुरुवात करायची. बहुतेक कॉलेजं तारांकित हॉटेलांचा आग्रह धरतात, म्हणून वाईची मुलगी पसरणी घाट चढून पाचगणीला न जाता पुण्याला किंवा गोव्याला जाते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामावर बंधनं आहेत, आणि ती असायलाच हवीत, पण त्यामुळे तिथे मोठ्या हॉटेलांची दाटी व्हायला जागाच नाही. हंगामही मे आणि दिवाळीपुरता. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं, तेव्हापासून सातारा शहराभोवती होमस्टे आणि शेतघरं वाढली. तिथे काम आहे, पण ट्रेनिंगच्या रकान्यात लिहिता येईल असं नाव नाही. २०२० च्या मार्चमध्ये हॉटेलं एका रात्रीत बंद झाली तेव्हा अर्ध्या ट्रेनिंगवरून पोरं बॅगा घेऊन गावी परतली, आणि त्यातल्या काहींनी घरच्या ओसरीतच डबे भरायला सुरुवात केली. खानावळ पुन्हा आली, या वेळी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन.

संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला आत आलेली पहिली तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात तीन वर्षं पुरी करेल. थांबून पगार धरायचा की चौथं वर्ष करायचं, हे तेव्हा त्याच मुलांना पहिल्यांदा ठरवावं लागेल. आतापर्यंत हे बारावीच्या निकालाच्या आठवड्यात, फॉर्म भरणाऱ्या दुकानातल्या खुर्चीवर ठरत आलं.