हरित शाळा आणि खताच्या ढिगातली ऊब

जून उजाडला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते: हाती झारी घेतलेले प्रमुख पाहुणे, शेजारी मुख्याध्यापक, भोवती गणवेशातली मुले आणि मधोमध वीतभर रोप. मथळा असतो ‘पर्यावरणस्नेही शाळा’. ते रोप पुढच्या जूनपर्यंत तगले का, हे कोणी छापत नाही. आमच्या शाळेत तर दरवर्षीच्या पाहुण्यांसाठी खड्डाही तोच असे.

शाळांचे मूल्यमापन याहून गांभीर्याने करणारे उपक्रमही आहेत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या ‘ग्रीन स्कूल्स’ उपक्रमात हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा या सहा अंगांनी शाळेची तपासणी होते आणि तिची मोजमापे विद्यार्थी व शिक्षक स्वतःच घेतात. १९९४ मध्ये युरोपात सुरू झालेल्या ‘इको-स्कूल्स’मध्येही हिरवा ध्वज मिळण्याआधी विद्यार्थ्यांच्या समितीला शाळेची पाहणी करावी लागते.

या सहांपैकी कचरा हा माझा लाडका विषय आहे. पोषण आहारातली उरलेली खिचडी आणि आवारातला पाचोळा या दोन गोष्टी बहुतेक शाळांत असतातच. पहिली सडून घाण मारते आणि दुसऱ्याला काडी लावली जाते. प्रत्यक्षात या दोघींची गाठ घालून दिली की काम होते. खत करणाऱ्या जिवाणूंना कार्बन दोन कारणांसाठी लागतो: सुमारे दोन तृतीयांश कार्बन ते ऊर्जेसाठी ‘जाळून’ कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सोडतात आणि उरलेल्यातून स्वतःचे शरीर बांधतात. त्या शरीरात साधारण १० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन असतो. म्हणजे १ भाग नायट्रोजन वापरायचा, तर १० भाग कार्बन बांधणीला आणि २० भाग इंधनाला, असा एकूण ३० भाग कार्बन हवा. वरणभातात कार्बन यापेक्षा बराच कमी पडतो, म्हणून जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन नाकात झोंबतो. वाळलेल्या पानांत कार्बन फार, म्हणून नुसता पाचोळा महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो.

मिश्रण जमले, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राहिला आणि हवा खेळती असली, की ढीग काही दिवसांत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. आत खुपसून ठेवलेली लोखंडी सळई थोड्या वेळाने बाहेर काढली तर हातात धरवत नाही. येथे आकाराला महत्त्व येते, कारण उष्णता घनफळात निर्माण होते आणि पृष्ठभागातून निसटते. एक मीटर बाजूच्या घनाला दर घनमीटरमागे ६ चौरस मीटर पृष्ठभाग असतो, तर ३० सेंटिमीटरच्या घनाला तब्बल २०. म्हणूनच प्रदर्शनात मांडलेली रंगवलेली बादली फारशी तापत नाही. तिच्यात खत होते, पण सावकाश, आणि रोगजंतू व तणाचे बी मारणारी उष्णता तिला लाभत नाही.

अशा तापलेल्या ढिगात गांडुळे सोडू नयेत, ती मरतात. त्यांची पाळी ढीग निवल्यावर येते. तसेच ‘चमत्कारी’ कल्चरच्या पुड्यांवर शाळेने पैसे घालवण्याचे कारण नाही. लागणारे जिवाणू पाचोळ्यावर आधीच असतात आणि घाई असेल तर जुन्या खताची ओंजळ पुरते.

म्हणूनच परीक्षकांनी रोपांचा आकडा विचारण्याऐवजी ढिगाच्या तापमानाची वही मागवावी, असे मला वाटते. तीत रोजची नोंद असेल तर आलेख आधी चढतो, ढीग उलथल्यावर, म्हणजे आत हवा गेल्यावर, पुन्हा चढतो आणि शेवटी हवेच्या तापमानाशी येऊन टेकतो; तपासणीच्या आदल्या रात्री बसून असा आलेख रचायला ढीग एकदा तरी पाहिलेला असावा लागतो. पुढे महिना-दोन महिन्यांत ॲक्टिनोमायसिटीज हे जिवाणू राखाडी जाळे विणतात आणि त्यांच्या जिओस्मिन या द्रव्यामुळे, खिचडी होती त्या जागेला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येऊ लागतो.