लहान अडतो, मोठा जातो

पेशीच्या पटलात पोटॅशियमसाठी प्रथिनाची खास वाहिनी असते. तिथला न्याय उफराटा आहे. पोटॅशियम आयनाची (म्हणजे विद्युतभारित अणूची) त्रिज्या साधारण ०.१३३ नॅनोमीटर, सोडियमची ०.०९५. विद्युतभार दोघांवर सारखाच, एक धन. नुसती चाळणी असती तर सोडियम आधी सुटला असता. प्रत्यक्षात हजारो पोटॅशियम पार होतात तेव्हा कुठे एखादा सोडियम निसटतो.

गोम आहे पाण्यात. पाण्यात आयन कधी सुटा नसतो. पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे करून त्याला वेढून असतात. वाहिनीचा सर्वांत चिंचोळा भाग असा, की हा वेढा बाहेर सोडूनच आत शिरावं लागतं. वेढा सोडायला ऊर्जा लागते. तिची भरपाई आत झाली तरच आयन आत जाणार.

ती कशी होते, हे रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८मध्ये एका जिवाणूच्या वाहिनीचे स्फटिक करून क्ष-किरणांनी दाखवलं. (२००३चं रसायनशास्त्राचं नोबेल पीटर ॲग्रींसोबत त्यांना मिळालं, ते अशाच कामासाठी.) जेमतेम १.२ नॅनोमीटर लांबीच्या त्या बोळात प्रथिनाच्या चार साखळ्यांचे ऑक्सिजन आतल्या बाजूला तोंड करून असतात. थांबण्याच्या प्रत्येक जागी पोटॅशियमभोवती असे आठ ऑक्सिजन येतात, जवळजवळ पाण्यातल्यासारखेच. त्याचा हिशेब बरोबर सुटतो. सोडियम लहान असल्याने त्याला ते ऑक्सिजन नीट धरता येत नाहीत. त्यापेक्षा पाण्यातच राहणं त्याला परवडतं.

अर्थात प्रथिन म्हणजे दगडी साचा नव्हे. ते सतत थरथरतं, आणि ०.०४ नॅनोमीटरचा फरक त्या थरथरीत सहज बुडू शकतो. म्हणून काही संशोधक मापापेक्षा त्या ऑक्सिजनांच्या आपसातल्या अपकर्षणाला अधिक महत्त्व देतात. मला हा युक्तिवाद पटतो.

एवढी पारख करूनही वेग मंदावत नाही: सेकंदाला कोट्यवधी आयन. बोळात एका वेळी एकाहून जास्त पोटॅशियम असतात, आणि सजातीय भारामुळे ते एकमेकांना पुढे रेटतात.

कॅल्शियमच्या वाहिनीत मापाचा प्रश्नच उरत नाही, कारण कॅल्शियम आणि सोडियम आकाराने जवळपास सारखे. तिथे प्रथिनातल्या चार ग्लुटामेटांचे (हे एक अमिनो आम्ल) ऋणभार दोन धनभारांच्या कॅल्शियमला घट्ट धरतात, आणि तो बसलेला असताना सोडियमला वाट मिळत नाही. प्रयोगात भोवतालचं कॅल्शियम काढून टाकलं, की त्याच वाहिनीतून सोडियम बिनदिक्कत वाहू लागतो.